न आलेल्याचं पान

मानवजातीचं भवितव्य त्या शनिवारी दुपारी कॅनडातल्या हॅलिफॅक्समध्ये ठरणार होतं. हे आमचं म्हणणं नव्हे. कार्यक्रमपत्रिकेत तसं छापलं होतं, सोनेरी अक्षरांत. त्याच्याच खाली बारीक टायपात आणखी एक ओळ होती : शिंपल्यांची ॲलर्जी असणाऱ्यांनी कृपया गुरुवारपर्यंत कळवावे.

परिषदेचं नाव 'पूर्व आशिया अण्वस्त्र-संयम संवाद'. वर्ष अकरावं. आधीची दहा वर्षं हा संवाद चांगली हॉटेलं असलेल्या दहा शहरांत झाला. त्या काळात पूर्व आशियातली अण्वस्त्रं वाढत गेली, आणि त्यामुळे संवादाची गरजही वाढत गेली. येणारे सगळे निवृत्त. सेवेत असताना माणसाला बॉम्बबद्दल खरं बोलायची परवानगी नसते आणि निवृत्त झाल्यावर त्याचं ऐकून घ्यायची कोणावर सक्ती नसते. या दोन सोयी एकत्र आल्या की परिषद भरते.

समारोपाच्या जेवणाची जबाबदारी क्लिफर्ड तुस्कानोवर होती. क्लिफर्ड वसईजवळच्या भुईगावचा. मुंबईच्या एका मोठ्या हॉटेलात सोळा वर्षं बँक्वेट सांभाळून दोन वर्षांपूर्वी तो बायकोसह, म्हणजे एलेनसह, इथे आला. आता हार्बर क्राऊन हॉटेलात तो 'अ‍ॅक्टिंग' बँक्वेट मॅनेजर होता. अ‍ॅक्टिंग म्हणजे काम खरं, हुद्दा खोटा. वर्क परमिट मार्चमध्ये संपत होतं. पी.आर.च्या, म्हणजे इथे कायम राहण्याच्या परवान्याच्या, अर्जाला हॉटेलचं कायम नोकरीचं पत्र हवं होतं. ते तयारही होतं. जनरल मॅनेजर मॅकआयझॅकच्या टेबलावर तीन आठवडे पडून होतं. सही तेवढी राहिली होती. क्लिफर्ड रोज काही ना काही निमित्त काढून त्या केबिनमध्ये डोकवायचा आणि पत्रावर कॉफीच्या मगाची आणखी एक गोल खूण उमटलेली पाहून यायचा.

"हे लंच नीट होऊ दे, क्लिफर्ड," मॅकआयझॅक शुक्रवारी म्हणाला. "नो ड्रामा. अडीचला हॉल रिकामा पाहिजे. तीनला आमच्या कर्लिंग क्लबचा बक्षीस समारंभ आहे. झालं की करतो सही."

"आणि सर, समजा थोडं मागे-पुढे झालं तर?"

"देन वी विल सी."

कॅनडात कोणी 'वी विल सी' म्हणालं की काय समजायचं, हे क्लिफर्ड पहिल्या हिवाळ्यातच शिकला होता. 'नाही' हा शब्द इथे लोक फक्त कुत्र्यांशी बोलताना वापरतात.

तर जेवण. संयोजक होत्या डॉ. बोद्रो, एका अभ्याससंस्थेच्या संचालक. गोड स्वभावाच्या, आणि दोन दिवसांच्या संवादानंतर डोळ्यांखाली काळं आलेल्या. त्यांनी क्लिफर्डच्या हातात बसण्याच्या व्यवस्थेबद्दल अकरा पानांची सूचना ठेवली. टेबल गोल, कारण लांब टेबलाला टोक असतं आणि टोकाला बसणारा स्वतःला मोठा समजतो. दरवाजाकडे कोणाचंच तोंड नको. खिडकीकडे कोणाचीच पाठ नको. म्हणजे खरं तर सगळ्यांनी टेबलावरच बसायला हवं होतं, पण ते सूचनेत नव्हतं.

पानं होती पाच. जपानचे निवृत्त राजदूत हायाशिदा. दक्षिण कोरियाचे निवृत्त अ‍ॅडमिरल नाम. चीनचे निवृत्त जनरल श्यू. अमेरिकेचे निवृत्त प्राध्यापक व्हिटलॉक. बाकीची शिष्टमंडळं, सचिव, दुभाषे वगैरे शेजारच्या खोलीत बुफेवर. पाचवी खुर्ची उत्तर कोरियाची. त्यांना दर वर्षी आमंत्रण जातं, दर वर्षी ते येत नाहीत आणि दर वर्षी त्यांची खुर्ची मांडतात. समोरच्या पाटीवर त्या देशाचं नाव कसं लिहायचं, यावर दहा वर्षं वाद झाला. शेवटी पाटी कोरी ठेवायची ठरलं. कोऱ्या पाटीमागे रिकामी खुर्ची. परिषदेत सर्वानुमते मंजूर झालेली तेवढी एकच गोष्ट.

"सगळ्या खुर्च्यांना अगदी सारखी वागणूक द्या," डॉ. बोद्रो म्हणाल्या होत्या. "सगळ्या म्हणजे सगळ्या."

क्लिफर्डने मान डोलावली. त्याला यात अवघड काही वाटलं नाही. त्याचे वडील पास्कू तुस्कानो चाळीस वर्षं वसई पट्ट्यातल्या लग्नांचे स्वयंपाक करत आणि पंगती उठवत. रुसलेला मामा, फुगलेला व्याही, 'आम्हाला मासा शेपटीकडचा वाढला' म्हणून ताट सरकवणारा नवऱ्याचा काका, हे सगळे नमुने क्लिफर्डने चड्डीत असल्यापासून पाहिले होते. चार म्हाताऱ्यांचं जेवण ते काय!

साडेबारा वाजता सूप आलं. क्लॅम चावडर, म्हणजे शिंपल्यांचं सूप, दाट, पांढरं, वाफाळतं. क्लिफर्डने पहिला वाडगा उचलला आणि सहज, काहीही विचार न करता, रिकाम्या खुर्चीसमोर ठेवला.

हा पास्कूंचा नियम होता. लग्नाला जो रुसून आला नाही, त्याचं पान मांडायचं आणि सगळ्यांत आधी वाढायचं. नंतर ते झाकून त्याच्या घरी पाठवायचं. पास्कू म्हणत, "आलेल्याला कमी वाढलं तर तो घरी जाऊन बायकोला सांगतो. न आलेल्याला नाही वाढलं तर तो गावभर सांगतो." भुईगावात या नियमाने पन्नासेक घराणी एकत्र ठेवली होती. पूर्व आशियात तो लागू करण्याची ही पहिलीच वेळ.

अ‍ॅडमिरल नाम यांनी उचललेला चमचा खाली ठेवला. राजदूत हायाशिदांनी वाडग्याकडे पाहिलं, मग वाडग्याकडे न पाहिल्यासारखं केलं. प्राध्यापक व्हिटलॉक मागे रेलून म्हणाले, "इंटरेस्टिंग. हे कॅनडा सरकारचं अधिकृत धोरण समजायचं का?"

"सॉरी," डॉ. बोद्रो भिंतीजवळून म्हणाल्या. देशाचं बरंचसं परराष्ट्र धोरण याच एका शब्दावर उभं आहे.

"प्योंगयांगला पहिला मान," नाम म्हणाले. आवाज शांत होता, पण कॉलरच्या वर मान लाल झाली होती. "गेल्या महिन्यात त्यांनी क्षेपणास्त्र उडवलं, आणि आज त्यांना पहिलं सूप. म्हणजे क्षेपणास्त्र उडवलं की सूप मिळतं. मी सोलला हे कळवू?"

डॉ. बोद्रोंनी क्लिफर्डला बाजूला घेतलं. "तो वाडगा उचला. प्लीज. आत्ता."

क्लिफर्ड उचलायला गेला, तसा जनरल श्यूंनी हात वर केला. "थांबा. ठेवलेली वस्तू काढून घेणं ही चिथावणी आहे. सध्याची स्थिती एकतर्फी बदलू नये, एवढंच आमचं म्हणणं आहे."

"ती बदलली कोणी?" नाम म्हणाले.

"वेटरने. आम्ही नाही."

क्लिफर्ड हात पुढे करून तसाच उभा. वाडगा ठेवला तर दक्षिण कोरिया उठणार; उचलला तर चीन. शेवटी व्हिटलॉक म्हणाले, "आहे तिथे गोठवू या." सगळ्यांनी त्याला संमती दिली. वाडगा गोठवण्यात आला. पाच मिनिटांनी त्यावर खरोखरच साय धरली.

सूप कोणी प्यायलं नाही. एक वाजला.

क्लिफर्ड पँट्रीत आला आणि त्याने ठरवलं, आता पुढचं सगळं तराजूने. पुढचा पदार्थ होता लॉबस्टर. भुईगावच्या भाषेत शेवंड. त्याने आचाऱ्याला सांगून पाचही शेवंडी वजन करून घेतल्या. पण समुद्रातलं जनावर कारखान्यात घडत नाही. चार जवळपास सारख्या निघाल्या. पाचवीची एक नांगी दुसऱ्यांपेक्षा बोटभर मोठी. या वेळी त्याने पाचही ताटं पाच वाढप्यांच्या हातून एकदम, एका ठोक्यावर ठेववली. सर्कशीतल्या कसरतीसारखी. कोणी पहिला नाही, कोणी शेवटचा नाही. तो स्वतःवर खूश झाला.

मोठी नांगी जपानसमोर आली होती.

"अभिनंदन," नाम हायाशिदांना म्हणाले.

"कशाबद्दल?"

"तुमच्या नांगीबद्दल."

हायाशिदांनी प्लेटकडे पाहिलं. "मला मोठी नांगी नको आहे. आमचं धोरण सर्वांना ठाऊक आहे. आम्ही ती बनवणार नाही, बाळगणार नाही, आणि आमच्याकडे कोणाला आणू देणार नाही."

"ती तुमच्या ताटात आहे, राजदूत."

"ताटात काय आहे याबद्दल विचारायचं नाही, अशी आमच्याकडे एक जुनी पद्धत आहे."

"मग मलाही तशीच पाहिजे," नाम म्हणाले. "खाण्यासाठी नाही. फक्त समोर असावी. माझ्या देशात सत्तर टक्के लोक आता म्हणतात, की समोर असावी."

व्हिटलॉक हसले. वर्गात पहिल्या वर्षाच्या मुलाने प्रश्न विचारल्यावर हसतात तसे. "अ‍ॅडमिरल, तुम्हाला स्वतःची मोठी नांगी कशाला? माझी आहे की. तुमच्या प्लेटवर कोणी हात टाकला, तर मी माझी नांगी वापरीन. तुमच्या दोघांच्या डोक्यावर माझी छत्री आहे."

"नक्की?"

"नक्की."

"माझ्या एका बटाट्यासाठी तुम्ही तुमची सगळी प्लेट पणाला लावाल?"

व्हिटलॉकनी पाण्याचा घोट घेतला. "बघा, ते परिस्थितीवर अवलंबून आहे. निवडणुकीचं वर्ष आहे का, तेही पाहावं लागेल."

नाम आणि हायाशिदा यांनी एकमेकांकडे पाहिलं. दोन दिवसांत पहिल्यांदाच.

जनरल श्यूंनी रुमाल मांडीवर पसरला. "आमची भूमिका स्वच्छ आहे," ते म्हणाले. "कवच आम्ही पहिल्यांदा फोडणार नाही. कोणत्याही परिस्थितीत."

"पण नांग्या वाढवत राहाल," व्हिटलॉक म्हणाले.

"संख्येबद्दल आम्ही बोलत नाही. मी फक्त कोण आधी फोडणार त्याबद्दल बोललो."

झालं. चीन आधी फोडणार नाही म्हटल्यावर जो आधी फोडेल तो आक्रमक ठरणार. जपान संविधानामुळे फोडू शकत नव्हता. दक्षिण कोरियाला अमेरिकेला विचारल्याशिवाय फोडता येत नव्हतं. आणि अमेरिका नेहमीप्रमाणे सगळे पर्याय टेबलावर ठेवून बसली होती. चार माणसं, पाच शेवंडी, आणि लोणी गार होत चाललेलं. एक वीस.

मॅकआयझॅकने दारातून डोकं आत घातलं. हातात कर्लिंग क्लबची, म्हणजे बर्फावर दगड सरकवणाऱ्यांची, बक्षिसाची ढाल होती. "क्लिफर्ड, ते अजून सुरूच नाही झाले?"

"जस्ट अबाउट, सर."

"अडीच."

"येस सर."

"मला उगाच 'वी विल सी' म्हणायला लावू नकोस." डोकं गेलं.

क्लिफर्ड पँट्रीत गेला आणि बर्फाच्या मशीनला पाठ लावून एलेनला फोन लावला. एलेन एका नर्सिंग होममध्ये केअर असिस्टंट होती. शनिवारी तिचा ब्रेक दीडला असे.

"आटपलं?" एलेन म्हणाली. "सही झाली?"

"कसली सही! कोणी घासच नाही उचलत. शेवंडी ताटात पडल्यात. अख्ख्या शेवंडी, एलेन!"

"काय वाईट झालं का त्यांना?"

"नाय ग. आधी फोडायचं कोणी, त्यावर अडलंय."

"म्हणजे?"

"म्हणजे जो आधी फोडेल, त्याने युद्ध सुरू केलं असं होईल."

मग एलेन म्हणाली, "आणि ही माणसं दुनियेला अक्कल शिकवतात?"

"तू हसू नको. पत्र जाईल माझं. मार्चमध्ये आपण दोघं बॅगा घेऊन एअरपोर्टवर असू."

"सुरुवात कशी झाली?"

क्लिफर्डने सांगितलं. वाडगा, कोरी पाटी, सगळं.

"अरे देवा," एलेन म्हणाली. "तू पप्पांचं पान मांडलंस? इथे?"

"हात आपोआप गेला ग."

"तुझा हात आपोआप जातो आणि डोकं मागून बसने येतं." मग तिचा आवाज बदलला. "ऐक. मर्सेसला रुमावांच्या लग्नात दोन व्याही असेच अडून बसलेले ना? आधी तू जेव, आधी तू जेव. जेवले दोघंही नाहीत. डुकराचं इंदाल गार, पाहुणे ताटकळलेले. तेव्हा पप्पांनी काय केलं?"

क्लिफर्डला आठवलं. "पळी दिली."

"कोणाला?"

"दोघांना. एकाला इंदालाची, एकाला तळलेल्या फुग्यांची टोपली. म्हणाले, माणसं कमी पडली, तुम्हीच वाढा."

"मग? उभा का राहिलास बर्फाजवळ? रुसलेल्या माणसाला मनवायला जाऊ नये, त्याला कामाला लावावं. मी घरात दुसरं काय करते?"

क्लिफर्ड हॉलमध्ये परतला तेव्हा श्यू खिडकीतून बंदराकडे पाहत होते. नौदलाचं एक करडं जहाज धक्क्याला लागलेलं होतं आणि नाम त्याच्याकडे पाहत नसल्यासारखं पाहत होते.

"सज्जनहो," क्लिफर्ड म्हणाला, "मला माफ करा. आज स्टाफ कमी आहे."

कॅनडात या वाक्याला कोणी आव्हान देत नाही. पाचही वाढपी भिंतीला टेकून उभे होते; क्लिफर्डने त्यांना डोळ्याने आत पिटाळलं.

"मला आपली मदत लागेल. जनरल साहेब, हे लोणी जरा आपण सगळ्यांना द्याल? गरम आहे, सांभाळून." आणि कोणी काही म्हणायच्या आत त्याने वितळलेल्या लोण्याची किटली श्यूंच्या हातात दिली. ब्रेडची टोपली नामांच्या. कवच फोडायचे अडकित्ते, चारही, हायाशिदांच्या. "हे फक्त आपल्याकडेच राहतील, राजदूत साहेब. ज्याला लागेल त्याचं आपणच फोडून द्यायचं."

"आणि मी?" व्हिटलॉक म्हणाले. त्यांच्या आवाजात जरा घाई होती.

क्लिफर्डने त्यांच्या हातात प्लास्टिकच्या चार लाळेऱ्यांचा गठ्ठा ठेवला. शेवंड खाताना शर्टावर उडू नये म्हणून गळ्यात बांधतात ती. प्रत्येकावर एक लाल शेवंड हसत असलेली. "आपण हे सगळ्यांना बांधायचं, सर. छत्रीपेक्षा याचा उपयोग जास्त होईल."

डॉ. बोद्रोंनी डोळे मिटून घेतले.

आता वीस वर्षं सैन्य हलवलेल्या माणसाच्या हातात लोण्याची किटली आली की तो काय करेल, हे कोणत्याही शोधनिबंधात लिहिलेलं नाही. श्यूंनी आधी किटलीकडे पाहिलं. मग ती गार होईल हे त्यांच्या लक्षात आलं. ते उठले. उठले म्हणजे आता नुसतं उभं राहणं बरं दिसेना. म्हणून नामांच्या शेजारी गेले.

"लोणी?"

"नको. आभारी आहे."

"थोडं."

"नको, खरंच."

"अर्धा चमचा. तुम्ही नाही म्हणालात तर मला हे परत न्यावं लागेल."

नाम दोनदा नको म्हणाले होते. त्यांच्याकडे दोनदा नको म्हणायचं असतं, तिसऱ्यांदा घ्यायचं असतं, श्यूंकडेही तेच, आणि भुईगावातही. त्यांनी वाटी पुढे केली. श्यूंनी ती काठोकाठ भरली. मग नामांना गप्प बसता येईना. लोणी घेऊन ब्रेड द्यायचा नाही, इतकं वैर दोन्ही देशांत अजून झालं नव्हतं. त्यांनी टोपली पुढे केली. "दोन घ्या."

"एक पुरे."

"दोन. एकाने माणूस उपाशी राहतो."

तिकडे हायाशिदा बाह्या दुमडून प्रत्येकाची नांगी तपासत होते. अडकित्ता त्यांनी असा धरला होता की जणू तो गेल्या तीन पिढ्यांचा आहे. कट्‌. पहिली नांगी फुटली. ती नामांची होती.

सगळे थबकले.

"कवच कोणी फोडलं?" व्हिटलॉक म्हणाले.

"मी माझं नाही फोडलं," हायाशिदा म्हणाले. "त्यांचं फोडलं. संविधानाला धक्का नाही."

"मीही नाही फोडलं," नाम म्हणाले. "माझ्यासाठी फोडलं गेलं."

"आणि आम्ही तर किटलीच धरून होतो," श्यू म्हणाले. "आमचं तत्त्व जसंच्या तसं आहे. राजदूत, माझंही फोडता का? नांगी जरा कडक दिसते."

एका मिनिटात चौघांचीही कवचं फुटली आणि तांत्रिकदृष्ट्या एकानेही आधी फोडलं नव्हतं. व्हिटलॉक पाठीमागे फिरून लाळेरी बांधत होते. श्यूंच्या गळ्याशी गाठ बसेना तेव्हा ते म्हणाले, "जरा मान खाली, जनरल," आणि जनरलनी मान खाली केली. या दृश्याचा फोटो कोणी काढला असता, तर दोन सरकारं पडली असती. सुदैवाने परिषदेत फोन बंद ठेवायचा नियम होता.

मग जे जेवण झालं ते भुईगावलाच शोभेल असं. आग्रह सुरू झाला. आग्रह ही शस्त्रास्त्र स्पर्धेसारखीच गोष्ट आहे : समोरच्याने एक घातलं की आपण दोन घालायचे, आणि थांबायचं कोणी हे कोणालाच कळत नाही. फरक इतकाच की शेवटी बटण सैल करावं लागतं. मोठ्या नांगीचं मांस हायाशिदांनी तीन भागांत काढून तिघांच्या प्लेटवर ठेवलं; अण्वस्त्र निःशस्त्रीकरणाचा तो पहिला पडताळणीयोग्य प्रयोग. गोडाला ब्लूबेरी पाय आला तेव्हा श्यूंनी घरच्या नातीबद्दल सांगितलं आणि व्हिटलॉकनी आपल्या गुडघ्याबद्दल.

गोडाबरोबरच संयुक्त निवेदनही पूर्ण झालं. दोन दिवस एका परिच्छेदावर अडलेलं ते निवेदन डॉ. बोद्रोंनी घाईघाईने पुढे केलं आणि लोण्याच्या बोटांनी चौघांनी त्यातले सगळे वादग्रस्त शब्द काढून टाकले. उरलं ते असं : 'सहभागींनी भेटत राहण्याची उपयुक्तता पुन्हा अधोरेखित केली.' टाळ्या वाजल्या. चौघांनीही आपापल्या राजधानीला कळवलं, की समोरच्याला नमवलं.

दोन वाजून दहा मिनिटांनी मंडळी उठली. अ‍ॅडमिरल नाम मात्र रिकाम्या खुर्चीजवळ रेंगाळले. वाडगा तिथेच होता. सायीवर सुरकुती पडली होती.

"हे तुम्ही का ठेवलंत?" त्यांनी क्लिफर्डला विचारलं. आवाजात आता राग नव्हता. "खरं सांगा. तुम्हाला कोणी सांगितलं होतं?"

"नाही सर. आमच्याकडे जो आला नाही, त्याचं आधी वाढतात. वडिलांनी शिकवलेलं."

नाम वाडग्याकडे पाहत म्हणाले, "माझी आई सणाला तिच्या भावाचा भात वेगळा ठेवायची. तो वोन्सानला राहिला. सीमेच्या पलीकडे. तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. आम्ही भावंडं विचारायचो, तो येणार आहे का? ती म्हणायची, येणार असता तर भात त्यानेच मागितला असता." त्यांनी टेबलावरचा रुमाल उचलला, वाडग्यावर नीट पसरून झाकला आणि चारही कोपरे सारखे केले. मग लक्षात येऊन गळ्यातलं लाळेरं काढलं, घडी करून खिशात ठेवलं आणि ताठ चालत निघून गेले.

क्लिफर्ड वाडग्याकडे पाहत उभा होता तोवर दारात कर्लिंग क्लबची माणसं जमायला लागली होती. त्यातल्या एकीने हातातल्या बैठकीच्या यादीवर बोट ठेवून लगेच विचारलं, "एक्सक्यूज मी, अध्यक्षांच्या उजव्या बाजूला ट्रुरोचा संघ कसा काय बसवलाय?"

दोन पंचवीसला हॉल रिकामा होता.

मॅकआयझॅकने क्लिफर्डला केबिनमध्ये बोलावलं. खुर्चीवर बसला. कॉफीचा मग उचलला. खालून पत्र निघालं.

"त्या बोद्रो बाई म्हणतात, पुढच्या वर्षी परिषद कुठेही झाली तरी त्यांना तूच हवा आहेस. म्हणे तुझी एक पद्धत आहे. काय पद्धत आहे?"

"विशेष काही नाही, सर. लग्नात करतो तीच."

"म्हणजे उद्या मला सांगू नकोस की तुला युनायटेड नेशन्समध्ये नोकरी लागली."

"नाही सर. मला पी.आर. लागेल."

मॅकआयझॅक हसला. पेन शोधलं, ते चाललं नाही, दुसरं शोधलं. सही केली. सहीच्या शेवटी एक लांब रेघ ओढली, कर्लिंगचा दगड बर्फावरून जातो तशी. तीन आठवडे, वीसेक गोल खुणा आणि एक सही.

क्लिफर्ड पत्र दोन्ही हातांनी धरून मागच्या दाराने बाहेर आला. बंदरावर ऊन होतं, वारा बोचत होता, डार्टमथला जाणारी फेरीबोट नुकतीच सुटली होती. त्याने एलेनला फोन लावला.

"झाली! सही झाली, एलेन! आणि ऐक, त्या चौघांनी एकमेकांना वाढलं. जनरलने लोणी वाढलं! बाई म्हणाल्या, अकरा वर्षांत असं झालं नव्हतं. आपल्या पप्पांच्या पळीने आज पूर्व आशियात..."

"खरंच सही झाली?"

"खरंच!"

"शाईची?"

"शाईची ग!"

एलेनने मोठा श्वास सोडला. मागे कोणी म्हातारं माणूस तिला हाका मारत होतं. नाक ओढल्यासारखा आवाज आला.

"बरं," ती म्हणाली. "मग आता फोनने फोटो नको काढू, तो वाकडा येतो. लायब्ररी पाचपर्यंत उघडी आहे, तिथे जा आणि नीट स्कॅन करून आण. अर्जाला लावायची फाइल चार एमबीच्या आत बसव."